पीठ भिजवून पळायला जा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंस आणि त्याच महिन्यात पाव भाजायला ओव्हनही घेतलास, असं सूनबाईकडून कळलं. दोन्ही चांगलं केलंस. फक्त एक ध्यानात घे. हे दोन्ही छंद करणाऱ्याचा जेवढा वेळ खातात, तेवढाच घरच्यांचाही खातात. ते टिकवायचे असतील तर घराच्या वेळापत्रकात बसवावे लागतात. घड्याळ कोणत्या कंपनीचं घ्यावं आणि यंदा कुठले बूट चालतात, ते तुझे ग्रुपवाले सांगतीलच. आत्या उरलेलं सांगते.

पहिलं म्हणजे आदली रात्र. कपडे, मोजे, बूट, किल्ली, बाटली, सगळं बाहेरच्या खोलीत काढून ठेव. पहाटे पावणेपाचला बेडरूमचं कपाट उघडून मोजे शोधणारा माणूस महिन्याभरात घरात नकोसा होतो. गजर मनगटावर थरथरणारा लाव, फोनचा भोंगा नको. पहाटे मिक्सर नाही, ब्लेंडर नाही, कुठली प्रोटीनची घुसळण नाही. येताना दुधाची पिशवी आणि कोथिंबीर घेऊन ये. तुझ्या पळण्याचा घराला काहीतरी उपयोग आहे हे पटवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. घामाचे कपडे आंघोळीच्या वेळी स्वतःच खळबळून वाळत टाकायचे. दिवसभर बास्केटमध्ये दडपून राहिले की वास पुढच्या धुण्यातही जात नाही, आणि मशीन लावणारीला मग राग येतो तो बरोबरच असतो.

लांब पळणं रविवारी असतं, म्हणून शनिवारी रात्री झोपण्याआधी पीठ भिजवायचं. कणीक ३०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा, सुपारीएवढा गूळ, पाणी साधारण ३५० मिली, शेवटी चमचाभर तेल. वाटीनं मोजू नकोस, वजनकाटा घे. कणीक दाबून भरली की सैल, यावर एका वाटीत बराच फरक पडतो. पुस्तकात एवढ्या पिठाला यीस्ट सात ग्रॅम लिहिलेलं दिसेल. ते दोन-तीन तासांत पाव उरकायचं प्रमाण झालं. आपल्याकडे रात्र आहे. यीस्ट कमी आणि हवा गार असली की पीठ सावकाश फुगतं, पावाला चव येते आणि यीस्टचा उग्र वास राहत नाही. दहा मिनिटं मळ. मळलेलं पीठ उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत दीड तास बाहेर ठेव आणि मग फ्रिजमध्ये. डबा पिठाच्या दुपटीहून मोठा हवा, आतून तेलाचा हात फिरवलेला, झाकण सैल.

सकाळी निघताना ऋतू बघायचा. डिसेंबर-जानेवारीत डबा ओट्यावर काढून ठेव आणि जा. दोन तासांनी येशील तेव्हा पीठ हाताळण्याजोगं झालेलं असेल. एप्रिल-मेमध्ये हा उद्योग नको, तू टेकडी उतरेपर्यंत ते झाकण वर ढकलून आंबट होईल. तेव्हा आल्यावरच काढ. आलास की हातपाय धू, पाणी पी, पीठ वळून टिनमध्ये घाल आणि मग अंग ताणायला बस. टिन निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरायचं. पीठ काठाशी आलं की बोटानं हलकं दाबून बघ. खड्डा लगेच भरला तर अजून थांब, सावकाश भरला तर भाजायला घे, भरलाच नाही तर उशीर झाला. कणीक असलेलं पीठ नुसत्या मैद्यासारखं दुप्पट होत नाही, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी कापतात. दीडपट झालं तरी भाज. शिवाय गिरणीवर दगडात दळलेली आपली कणीक मैद्याहून जास्त पाणी पिते; मळताना घट्ट वाटलं तर आणखी पाणी घाल. हाताला चिकटतं म्हणून वरून पीठ टाकत बसलास की वीट तयार होते. खपली गव्हाच्या मोहात इतक्यात पडू नकोस. त्याची खीर सुरेख होते, पण ग्लुटेन कमकुवत, पावाला लागणारा ताण ते पीठ धरत नाही.

भाजायला २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. ओव्हन आधी चांगला तापलेला हवा. पाव टिनमधून काढून तळाशी टिचकी मारली की पोकळ आवाज यायला पाहिजे; नाही आला तर टिनशिवाय आणखी पाच मिनिटं आत. मग जाळीवर ठेव आणि तासभर त्याच्याकडे बघू नकोस. गरम पाव कापला की आतला गर सुरीला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेला पाव लवकर कोरडा पडतो. भूक आवरत नसेल तर केळं खा. आणखी एक. ओव्हन पंधराशे वॅटच्या आसपास ओढतो, गिझर दोन हजार किंवा जास्त. तू पळून येतोस तेव्हा घरात आंघोळी चाललेल्या असतात. ओव्हन मोठ्या पिनेच्या सॉकेटलाच लाव, आणि आधी घरच्यांचं गरम पाणी, मग तुझा पाव. पीठ वीस मिनिटं थांबतं. डोक्याला शाम्पू लावलेला माणूस थांबत नाही.

आता पळणं. नवीन माणूस रोज जोरात पळतो, कारण हळू पळायची त्याला लाज वाटते. तुला वाटू देऊ नकोस. आठवड्यातलं बहुतेक पळणं असं हवं की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच तोंडातून निघत असेल तर वेग जास्त आहे. घड्याळातले रंगीत पट्टे बहुतेक वेळा २२० उणे वय या सूत्रावर बसवलेले असतात. ते सरासरीचं सूत्र. एखाद्याचे ठोके त्याहून दहा-बारानं सहज इकडेतिकडे असतात. बोलून बघणं जास्त भरवशाचं, आणि फुकट. एकटा असशील तर सतराचा पाढा मोठ्यानं म्हण. लोक बघतील. बघू देत.

नोकरी करणाऱ्याला आठवड्यात चार दिवस पळणं पुरे: एक लांब, एक चढाचा, दोन साधे. लांबचं अंतर दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरनं वाढव आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी कर. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं. सरावात १८ पर्यंत गेलास की झालं. पूर्ण अंतर आधी पळून बघायची हौस नको. दम दोन महिन्यांत चांगलाच वाढतो, पण हाडं आणि कंडरा तयार व्हायला त्याहून जास्त वेळ घेतात. बहुतेकांची नडगी दुखते ती याच काळात, जेव्हा छाती म्हणते आणखी पाच किलोमीटर आणि पाय तयार नसतात. नडगीच्या आतल्या कडेला पसरट दुखत असेल तर काही दिवस थांब, बर्फ लाव, परत हळू सुरू कर. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाडावर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर सरळ अस्थितज्ज्ञाकडे जा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. तिथं मालिश नको, लेप नको, ‘पळून मोकळं होईल’ असं म्हणणारा मित्र तर अजिबात नको.

मोबाइलवर मोठ्या खेळाडूंची वेळापत्रकं बघून हुरळू नकोस. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. सातारकरांनी तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या दर्जाच्या खेळाडूचा सकाळचा सराव संपला की जेवण, मालिश, दुपारची झोप हे सगळं सरावातच मोजलं जातं. तुला पळून आल्यावर हिंजवडीची बस गाठायची असते. तिचा आठवडा तुझ्या आठवड्यात कोंबलास तर घरही बिघडेल आणि गुडघाही. लग्नाच्या वऱ्हाडातून रात्री बाराला आलास की पहाटेचं पळणं रद्द, त्याची भरपाई सोमवारी करायची नाही. गेलं ते गेलं.

आणि पळण्याआधी तपासणी. चाळिशीला आलास, घरात रक्तदाब आहे, साखर आहे. ईसीजी, रक्तदाब, साखर बघून घे आणि तू काय करणार आहेस ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, कारण नसताना चक्कर, यातलं काही झालं तर जिथे असशील तिथे थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. ताप असताना पळायचं नाही, उतरल्यावरही दोन-तीन दिवस नाही.

साताऱ्याची शर्यत सपाटीची नाही, हे नाव घालताना वाचलं असशीलच. समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरचा घाट लागतो, आणि मग कास रस्त्यानं वळणामागून वळण चढच. परतताना तोच उतार. दिवस पावसाळ्याचे, म्हणजे धुकं, भुरभुर, ओलं डांबर. नवखे सगळे चढाला भितात. चढ सोपा आहे: पावलं आखूड, नजर समोर दहा-पंधरा पावलांवर, हात हलते, आणि धाप फार लागली तर शंभर पावलं झपाझप चालायचं. घाटात चालणारा आणि रखडत पळणारा यांच्या वेळेत फार फरक पडत नाही, ऊर्जेत पडतो. भ्यायचं ते उताराला. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आखडून भार पेलतात, त्यात त्यांना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू येतं. मागं रेलून टाचा आपटत उतरलास तर गुडघे संपले. अंग किंचित पुढं, पावलं आखूड आणि भरभर. याचा सराव करावा लागतो. कोथरूडला राहतोस, वेताळ टेकडी हाकेवर आहे. चढ आणि उतार दोन्ही मिळतील. एका आठवड्याआड तिथं जा आणि चढताना जेवढं लक्ष देतोस तेवढंच उतरताना दे.

जिमचे पैसे वाचव. बैठका काढ, पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा सावकाश खालीवर कर, दात घासताना एका पायावर उभा राहा. सूर्यनमस्कार येतातच तुला. आठवड्यात दोन वेळा वीस मिनिटं एवढं केलं की पोटऱ्या आणि घोटे धरून राहतात.

रस्त्यावर उजव्या बाजूनं पळ, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. घाटातल्या आंधळ्या वळणावर मात्र बाहेरच्या कडेला सरक, तिथं चालकाला तू लवकर दिसतोस. अंगावर चमकणारी पट्टी, कानात काही नाही. साताऱ्याला सरावाला आलास आणि उसाचा हंगाम असला तर अंधारात पळूच नकोस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागचा दिवा असेलच असं नाही, आणि ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत लोंबत असतो. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबव, डोळ्यांत बघू नकोस, हात खाली ठेवून सावकाश चालत जा. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद-चुना भरायचा नाही.

बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अंगठ्यापुढं बोटभर जागा सोड, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. एक जोड साधारण ६०० ते ८०० किलोमीटर चालतो. वरून नवा दिसला तरी तळ मेलेला असतो. पावसात भिजला तर आतला तळवा काढून जुनी वर्तमानपत्रं कोंब, दोन तासांनी बदल, रात्रभर पंख्याखाली ठेव. ओव्हनच्या उबेला ठेवायची अक्कल कुणीतरी शिकवेल. उष्णतेनं डिंक सुटतो आणि फोम आकसतो, शिवाय तुझ्या पावाला कसला वास येईल ते सांगायला नको. काखेत, मांड्यांना आणि छातीवर व्हॅसलिन लाव. पहिल्या लांब पावसाळी पळण्यानंतर आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की का ते कळेल.

पाणी तहान लागेल तेव्हा, घोट घोट. शर्यतीत पाण्याचं टेबल दिसलं की दोन ग्लास, असं करायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, वाढलं तर जिवावर बेततं. आणि हे सावकाश पळणाऱ्यांना जास्त होतं, कारण त्यांना प्यायला वेळ मिळतो. लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघ. किलोभर घटलं तर सुमारे लिटरभर पाणी गेलं. वजन वाढलं असेल तर तू फार प्यालास. घरी आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मिठाचं माप चुकवू नकोस.

खाण्याबद्दल तुझा गोंधळ होणार आहे, म्हणून नीट सांगते. रोजच्यासाठी आपला कणकेचा पाव, भाकरी, नाचणी, उसळी. शर्यतीच्या आदल्या रात्री वरणभात आणि लोणच्याची फोड. साबुदाण्याची खिचडी नको, कूट आणि तूप पोटात रेंगाळतं. शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी साधा मैद्याचा पाव आणि जॅम, किंवा केळं. वर्षभर कणीक आणि त्या दिवशी मैदा कसा, असं विचारशील. कोंडा आतड्याला कामाला लावतो, आणि ते काम घाटात सुरू व्हायला नको, एवढंच कारण. दीड तासाहून जास्त पळणार असशील तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम असतात, चार-पाच खजुरांत साधारण तेवढीच. यातलं जे काही खाणार ते आधी रविवारच्या पळण्यात खाऊन बघ. शर्यतीच्या दिवशी नवं काहीही नाही: खाणं नाही, मोजे नाहीत, बूट तर नाहीतच. एनर्जी जेल वाईट नाही, पण रिकामं पाकीट खिशात घालून परत आण. वर कासचं पठार आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात धरलेलं. तिथं आरोग्यासाठी पळायला येऊन प्लॅस्टिक फेकणाऱ्यांची शर्यत बाद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नानकटाईची कृती मागितली होतीस. आमच्या लहानपणी ती घरी होतच नसे. तूप, साखर, मैदा, रवा डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, भट्टीवाला मळून भाजून द्यायचा, आणि सुट्टीभर पुरतील एवढे पत्र्याचे डबे घेऊन घरी यायचं. घरात करायची तर तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, मैदा दोन वाट्या. त्यातला चतकोर वाटी मैदा कमी करून तेवढं बेसन घाल. वेलदोडा, चिमूट मीठ, चिमूट खायचा सोडा. तूप थिजलेलं हवं, पातळ नको. ते आणि साखर हातानं फेटून पांढरं हलकं झालं पाहिजे, सगळी गंमत त्यात आहे. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं भाज. वर अजून मऊ लागतील, तरी काढ. गार होताना कडक होतात. ज्यांची फार कडक होते ते ‘अजून दोन मिनिटं’ म्हणणारे असतात. पळण्याआधी मात्र एकही नाही, तूप भरपूर आहे त्यात. आल्यावर खा, आणि आधी मुलांना दे.

शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण. पाय शिवशिवतील, वजन वाढल्यासारखं वाटेल, घसा दुखतोय असा भास होईल, सगळ्यांना होतो. शर्यतीच्या आदल्या शनिवारी ओव्हन लावून ओट्याशी तीन तास उभा राहू नकोस. बिब संध्याकाळीच टी-शर्टला चार पिनांनी लाव, चिप बघून घे, नखं दोन दिवस आधी काप. पहिले तीन किलोमीटर गावातून जातात, लोक टाळ्या वाजवतात, आणि तिथंच बरेच जण चढासाठी ठेवलेला दम घालवून बसतात. तू मागं राहा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे इकडेच या, हॉटेल बघू नका. वरणभात मी करीन. पाव शुक्रवारी भाजून सुती कापडात गुंडाळून आण, कापलेला नको, आणि मैद्याचा आण.